आडवा डमरू

त्या संध्याकाळी घरात डमरू वाजत होता म्हणून. नाहीतर मी त्या गणिताला डमरूचं गणित म्हटलंच नसतं.

संक्रांतीचे दिवस. सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली. धाकटी भाची परी तिथून प्लास्टिकचा डमरू घेऊन आलेली आणि घरभर तो वाजवत फिरत होती. तिचा मोठा भाऊ ओंकार बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला. तो लॅपटॉपपुढे दोन्ही हातांत डोकं धरून बसलेला.

"काय करलालास बे?" मी विचारलं.

"टू-डी अॅरे. या आठवड्यात दाखवायचंय. होईना गेलंय मावशी."

मी चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी बसले. टू-डी अॅरे म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे, आणि त्यांच्यावर प्रोग्रॅम लिहायचा होता. गणित दिसायला साधं होतं. सहा ओळी, सहा रकाने, म्हणजे ३६ घरं. प्रत्येक घरात उणे ९ ते अधिक ९ यातला कुठलाही एक आकडा. या चौकोनात एक आकार शोधायचा: वर तीन घरं, त्यांतल्या मधल्याच्या खाली एकच घर, आणि त्याच्या खाली पुन्हा तीन. सात घरं. त्यांची बेरीज करायची. असे जितके आकार त्या चौकोनात बसतात, तितक्या सगळ्यांतली मोठ्यात मोठी बेरीज सांगायची. उदाहरणार्थ वर ३, ०, २; मध्ये ५; खाली १, ४, ०. बेरीज १५.

गणितात त्या आकाराला वाळूचं घड्याळ म्हटलं होतं. आमच्या घरात वाळूचं घड्याळ कुणी पाहिलंय? मी म्हटलं, "हा तर डमरू." ओंकार हसला, आणि तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव तेच पडलं.

माझं आणि टू-डी अॅरेचं जुनं येणं आहे. १९९८ साली बीकॉम झाल्यावर एका खासगी क्लासला मी सहा महिने सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला जात होते. निळ्या पडद्याचं टर्बो सी, दोघींत एक मशीन. साध्या, एकाच रांगेच्या अॅरेपर्यंत गाडी बरी चालली. मग एक दिवस सरांनी पुढची पंधरा-वीस पानं एकदम उलटली आणि म्हणाले, "टू-डी सोडून द्या, परीक्षेला एखादाच प्रश्न येतो. आणि तुम्हा मुलींना पुढं टॅलीच करायचंय की." सरांचं भाकीत खरं ठरलं. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका पेढीत मी हिशेब बघते, तेही टॅलीवरच. पण ती न शिकलेली पानं डोक्यात कुठेतरी चिकटून राहिली होती. ओंकार कंटाळून झोपायला निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "राहू दे तुझं, मी बघते." माझ्या फोनवर सी चालवायची सोय त्यानंच करून दिली होती. तो मात्र पायथन या दुसऱ्या भाषेतला.

पहिला प्रयत्न मी जोरात केला. सहा ओळी म्हणजे एक लूप, तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फेरा, शून्यापासून पाचापर्यंत (इथे मोजणी शून्यापासून), सहा रकाने म्हणजे आतला लूपही तसाच. प्रत्येक घराला डमरूचा वरचा डावा कोपरा मानायचा आणि सात घरं मिळवायची. चालवलं. उत्तर आलं काही कोटींत. जास्तीत जास्त ९ चा आकडा, सातच घरं; ६३ च्या वर उत्तर जाऊच शकत नाही, आणि हे कोटी कुठून आले?

सकाळी ओंकारनं तसंच पायथनमध्ये लिहून बघितलं. त्याचा प्रोग्रॅम मध्येच थांबला आणि म्हणाला, इंडेक्स आउट ऑफ रेंज, म्हणजे असं घरच नाही. पायथन निदान हटकतो तरी. सी हटकत नाही. सहाव्या रकान्याच्या पुढचं घर मागितलं तर तो मुकाट्यानं पुढच्या ओळीचं पहिलं घर काढून देतो, आणि चौकोनच संपला असेल तर त्या पलीकडच्या जागेत जे काय पडलंय ते.

असं का होतं ते वाचलं, आणि मला एकदम अण्णा आठवले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चादरींचे ग्राफ काढायचे. पूर्व भागातल्या दोन-तीन कारखान्यांचं काम त्यांच्याकडे असे. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यावरचा मोर तिथे कसा येऊन बसतो ते फार कमी लोकांना माहीत असतं. मोर आधी चौकटीच्या कागदावर येतो. उभ्या धाग्यांसाठी उभे रकाने, आडव्या धाग्यांसाठी आडव्या ओळी. ज्या ठिकाणी उभा धागा वर उचलायचा ते घर लाल रंगवायचं. मग त्या कागदावरून जाड पुठ्ठ्याची कार्डं पाडायची: लाल घर तिथे भोक, मोकळं घर तिथे नुसता पुठ्ठा. साध्या विणीत ग्राफच्या एका ओळीचं एक कार्ड; रंग वाढले की एकाच ओळीला दोन-तीन कार्डंही लागतात. ही कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची लांबलचक माळ मागावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रावर चढते. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिचा हूक धागा उचलतो. पुठ्ठा असेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड, आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे. पुढचं कार्ड, धोटा परत. बस्स, एवढंच. फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ साली बसवलेली युक्ती साखर पेठेतल्या आमच्या बैठ्या खोलीत अण्णा ब्रश आणि लाल शाईनं रोज पुढे चालवत होते. त्याच जॅकार्डची रेशमात विणलेली एक तसबीर आहे, १८३९ ची. तिला सुमारे २४,००० कार्डं लागली होती, आणि गणकयंत्राचे आराखडे आखणाऱ्या चार्ल्स बॅबेजनं तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती. अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी आधी एवढंच विचारलं असतं, की २४,००० कार्डं ओवली कुणी.

तर, मेमरी. चौकोन आपल्याला कागदावर दिसतो. मशीनच्या आत तो चौकोन नसतोच. तिथे एकच लांब रांग असते. पहिल्या ओळीची सहा घरं, त्यांना लागून दुसऱ्या ओळीची सहा, मग तिसरीची. ओळीचा क्रमांक गुणिले सहा, अधिक रकान्याचा क्रमांक. एवढ्या हिशेबावर सी हवं ते घर गाठतो. हे वाचताना डोळ्यांसमोर धोटाच आला. चादर चांगली रुंद दिसते, पण आडवा धागा एकच असतो, कांडी संपेपर्यंत न तुटणारा. ओळ म्हणजे त्यानं मारलेली एक खेप. फरक इतकाच की धोटा उजव्या काठाला पोचला की तिथूनच उलट निघतो, आणि सी मात्र दर खेपेला पुन्हा डाव्या काठावरूनच सुरुवात करतो. म्हणून माझा डमरू उजव्या काठातून बाहेर गेला की एक ओळ खाली, डाव्या काठातून उगवत होता. चादरीवर असला मोर निघाला असता तर अण्णांनी रात्रभर जेवण घेतलं नसतं.

मग बसणारे डमरू किती? हे मला नुसत्या डोक्यानं दिसेना. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतोच. त्यातली एक जाड पत्रिका घेतली आणि वहीच्या चौकटींच्या मापानं तिच्यात ब्लेडनं सात खिडक्या कापल्या, डमरूच्या आकाराच्या. गणपतीचं चित्र तेवढं वाचवलं. ही रीतही अण्णांचीच. कार्ड पाडताना ओळ चुकू नये म्हणून ते पुठ्ठ्याला एक लांब फट कापत आणि ती ग्राफवर ठेवत. एका वेळी एकच ओळ उघडी, बाकी सगळं झाकलेलं. एकदा एका कारखान्यात त्यांच्या ग्राफच्या कार्डात एक भोक जास्तीचं पडलं होतं. एकच. पण माळ फिरत राहते, त्यामुळे प्रत्येक मोराच्या मानेवर तोच ठिपका, अख्ख्या लॉटमध्ये. मालकानं ग्राफ चुकला म्हणून पैसे कापले. अण्णांनी ती फटीची पट्टी घेऊन एकेक ओळ सरकवत पूर्ण ग्राफ तपासला, मग माळेतलं कार्डन् कार्ड तपासलं, आणि ग्राफ बरोबर, कार्ड चुकीचं, हे दाखवून दिलं. मालकानं मान डोलावली. कापलेले पैसे काही आले नाहीत.

मी पत्रिका चौकोनावर ठेवली. डाव्या कोपऱ्यात बसली. एक घर उजवीकडे, बसली. अजून एक, अजून एक. पाचव्यांदा सरकवली तर तिचा उजवा रकाना वहीच्या मोकळ्या कागदावर. म्हणजे आडव्यात चार जागा. खालीही तसंच, चार. चार चोक सोळा. दोन्ही लूप पाचापर्यंत नाही, तिनापर्यंतच. सहातून तीन वजा करून एक मिळवायचा, असं सूत्र ओंकारनं नंतर सांगितलं. पण पत्रिका सरकवल्यावर सूत्राची गरजच उरली नव्हती.

लूप दुरुस्त केले. तपासायला स्वतःच आकडे भरले. संक्रांतीचे दिवस, हाताला रांगोळीची सवय. मी चौकोन असा भरला की कुठूनही बघा, सारखाच दिसावा. प्रोग्रॅमचं उत्तर आणि पत्रिकेवर हातानं काढलेलं उत्तर जुळलं. मी खूश. मग ओंकारचा चौकोन घातला. त्याच्या उत्तरात १५, माझ्यात १७.

दोन दिवस मी त्या १७ च्या मागे होते. ऑफिसमध्ये व्हाउचर टाकतानासुद्धा तेच. पत्रिका सोळाही जागी ठेवून सोळा बेरजा केल्या, त्यांत १७ कुठेच नव्हते. प्रोग्रॅम चौकोनात नसलेला डमरू शोधून काढत होता.

खोट होती ती माझ्या शाळेतल्या सवयीत. आलेख कागदावर बिंदू मांडताना आपण आधी आडवं अंतर मोजतो, मग उभं. क्ष आधी, य नंतर. तीच सवय मी इथे लावली होती. पण अॅरेत पहिला आकडा ओळीचा, दुसरा रकान्याचा. म्हणजे आधी किती खाली, मग किती उजवीकडे. गणितातल्या मॅट्रिक्समध्येही तसंच असतं, हे मी बीकॉमलाच शिकले होते आणि तिथेच विसरले होते. मी 'वरची तीन घरं' म्हणून जी मिळवत होते ती प्रत्यक्षात डावीकडची उभी तीन होती, आणि 'खालची तीन' म्हणजे उजवीकडची उभी तीन. माझा डमरू आडवा पडला होता. आणि रांगोळीच्या चौकोनानं मला फसवलं, कारण ओळींचे रकाने केले तरी रांगोळी तशीच राहते. त्यात उभा काय आणि आडवा काय.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अक्का तेलुगू बोलणाऱ्या, सगळं आयुष्य कांड्या भरण्यात गेलेल्या. त्यांना मी हा घोळ सांगितला. प्रोग्रॅम वगैरे बाजूला ठेवून फक्त इतकंच, की उभ्याचं आडवं झालं. त्या म्हणाल्या, "पडुगु आधी, पेक नंतर. उभा धागा ताणल्याशिवाय आडवा टाकणार कशात?" हा नियम त्यांच्या मागाला लागू. अॅरेला नाही, तिथे आडवी ओळच आधी. फोरट्रान नावाच्या १९५७ सालच्या भाषेत मात्र मेमरीत उभे रकाने एकामागून एक लावतात असं वाचलं, तेव्हा मला अक्कांचाच विजय झाल्यासारखं वाटलं.

अजून एक गंमत सांगते. अण्णांचा ग्राफ खालून सुरू व्हायचा. डावीकडचं सगळ्यात खालचं घर पहिलं, आणि ओळी वर वर चढत जायच्या, कारण कापड तसंच वाढतं. आधी विणलेलं खाली सरकतं, नवं वर येतं. अॅरेचं शून्य-शून्य घर मात्र वर डावीकडे, आणि ओळी खाली उतरतात. या उलट्यासुलट्यानंही मी चुकले असते. पण डमरू उलटा केला तरी डमरूच, म्हणून ती चूक माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

ओळ-रकान्याचा क्रम सुलटा केला. आता १५ आले. ओंकारनं माझा प्रोग्रॅम त्यांच्या कॉलेजच्या तपासणीत टाकला. आठ चाचण्या, सात पास, एक नापास. नापास चाचणीत ३६ च्या ३६ घरांत उणे आकडे होते. बरोबर उत्तर उणे १२. माझ्या प्रोग्रॅमनं सांगितलं होतं शून्य.

शून्य! सगळीकडे उणे आकडे असताना शून्य बेरीज येणार कुठून? परत एकदा, चौकोनात नसलेला डमरू.

ही चूक मात्र मला एका मिनिटात दिसली, आणि दिसल्यावर जरा लाजच वाटली. सुरुवातीला मी लिहिलं होतं, कमाल = ०. मग प्रत्येक डमरूची बेरीज त्या कमालशी ताडून बघायची, मोठी असेल तर कमाल बदलायची. हिशेबनिसाची सवय, कुठलंही खातं उघडलं की शिल्लक शून्य. पण बेरजेची सुरुवात शून्यानं करणं वेगळं, आणि सगळ्यात मोठं कोण हे शोधायची सुरुवात शून्यानं करणं वेगळं. दुसऱ्या ठिकाणी शून्य लिहिलं की आपण गुपचूप एक अट घालतो: तुमच्यातला सर्वांत चांगला निदान शून्याइतका तरी असलाच पाहिजे. सगळेच तोट्यात असले तर कुणीच ती अट पुरी करत नाही, आणि प्रोग्रॅम आपण दिलेलं शून्य आपल्यालाच परत करतो.

मी हे एकदा प्रत्यक्ष केलंय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचं काम बसलं. पुढच्या वर्षी बँकेसमोर जाताना मालक म्हणाले, "ताई, त्यातल्या त्यात बरा महिना कुठला ते सांगा, तो पुढं करू." मी बाराही महिने बघितले. सगळे तोट्यात. मी सरळ सांगितलं, "बरा महिना नाहीच." मालक काही बोलले नाहीत, कागद घेऊन गेले. त्या बारा महिन्यांत एक महिना असा होता की त्याचा तोटा इतरांच्या मानानं फारच थोडा होता. कामगारांनी आलटून पालटून येऊन जुना माल बांधून पाठवला होता. तोच बरा महिना होता. मी शून्याच्या वर शोधत होते, म्हणून तो मला दिसला नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. कमाल उणे ६३ धरायची, कारण सातही घरांत उणे ९ असले तरी त्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही. किंवा पहिल्याच डमरूची बेरीज कमाल धरायची आणि बाकीच्या पंधरांशी ताडायची. ओंकारला उणे ६३ आवडलं, ते एका ओळीत होतं. मला दुसरं आवडलं. उणे ६३ मध्ये आकड्यांची मर्यादा आपल्याला आधीच माहीत असावी लागते. उद्या कुणी घरात उणे १०० टाकला की पुन्हा तेच रडगाणं. पहिल्या डमरूपासून निघालं तर जे काय ताडायचं ते समोर असलेल्यांतच ताडायचं. वाद घातला, वयाच्या जोरावर जिंकले. आठही चाचण्या पास.

"जमतंय की मावशी तुला," ओंकार म्हणाला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन आम्ही जमिनीवरच बसलो होतो. मी त्याला आडव्या डमरूची गोष्ट पुन्हा तिखटमीठ लावून सांगितली: दोन दिवस मी १७ शोधत होते, आणि तो डमरू कसा कुशीवर झोपला होता.

"डमरू कधी आडवा असतो का," तो हसून म्हणाला. "तिथंच कळायला पाहिजे होतं तुला."

परी उंबऱ्यात उभी होती. डमरूची कंबर तिच्या मुठीत, एक तोंड डावीकडे, एक उजवीकडे, मनगट गरगरा फिरतंय आणि दोन्ही मणी आळीपाळीनं आपटतायत.

"आडवाच धरतात की," ती म्हणाली. "उभा धरला की मणी नीट लागत नाहीत."